ळेनीतला भ

अतुलला बोलता येत नव्हते, असे नाही. त्याला ओठ मिटता येत नव्हते. किंवा अधिक नेमके सांगायचे तर, एकदा मिटलेले ओठ वेळेवर उघडता येत नव्हते. प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरे त्याच्या तोंडाच्या उंबरठ्यापर्यंत येत आणि तिथेच आडवी पडत. मागून आलेले सगळे वाक्य खोळंबून राही, आणि समोरचा माणूस चांगुलपणाने ते स्वतःच पुरे करून टाकी; बहुधा चुकीचे. लहानपणी एकदा तो दुकानात पोहे आणायला गेला होता. दुकानदाराने त्याच्या मिटलेल्या ओठांकडे पाहून “पापड? पेन? पावडर?” असा पाढा सुरू केला आणि पावडरीपाशी दमून अतुलने मान डोलावली. त्या दिवशी घरात न्याहारी झाली नाही. पण सगळ्यांच्या माना पांढऱ्या झाल्या.

मराठीत ही पाच अक्षरे टाळून जगायचे म्हणजे पाण्याला न शिवता पवनेचे धरण ओलांडायचे. अतुलने ते जवळजवळ साधले होते. वडिलांना तो बाबा न म्हणता अण्णा म्हणे. पुण्याला निघाला तर ‘शहरात जातो’ म्हणे. ‘तुम्ही’मध्ये म आणि ‘आपण’मध्ये प, म्हणून लहानथोर सगळ्यांना तो तू म्हणे आणि उद्धट ठरे. ‘मी’सुद्धा त्याच्या वाट्याला आला नव्हता. सुदैवाने मराठी क्रियापद उदार असते. ‘येतो’, ‘जातो’, ‘करतो’ म्हटले की मी मागच्या दाराने आपोआप घरात येतो. आणि दैवाची थट्टा अशी, की या माणसाचा धंदा पाट्या रंगवण्याचा होता. घोरावाडीहून सकाळच्या गाडीने लोणावळ्याला जाऊन तो दिवसभर तीच पाच अक्षरे काढी. भच्या डोक्यावरची गाठ त्याच्याइतकी डौलदार त्या बाजारात कुणाला जमत नसे. तोंडाची चूक मनगट मुकाट्याने निस्तरत होते.

चौदाव्या वर्षी त्याने शंभर पानी वहीत एक भाषा मांडायला घेतली. मुले शब्दांत च घालून बोलतात तसली ती नव्हती. ती तर मराठीच, नुसता वेष बदललेली. ही मुळापासून नवी होती, आणि तिचा आरंभ शब्दांपासून नव्हे, आवाजांपासून झाला होता. पहिला कायदा असा, की ओठाला ओठ लागायचा नाही. दोन व्यंजनांनी एकमेकांना चिकटायचे नाही, हा दुसरा. प्रत्येक शब्द स्वरावर संपला पाहिजे, कारण शब्दाचे मागचे दार उघडे असावे. कुणाला केव्हा बाहेर पडावेसे वाटेल, सांगता येत नाही. शेवटचा कायदा मात्र निव्वळ दयेपोटी केलेला होता. मराठीत ळला शब्दाच्या आरंभी कुणी बसवत नाही. बिचारा जन्मभर मधल्या नाहीतर शेवटच्या बाकावर. अतुलने त्याला पहिल्या बाकावर आणले. भाषेचे नावच ठेवले ‘ळेनी’. तीत हसण्याला ळारी म्हणत, घराला सेनाळा, आणि ‘ये’ म्हणायचे असेल तर तोहे.

म्हणत म्हणजे कोण म्हणत? कुणीच नाही. चौदा वर्षांत ळेनी एकाच माणसाने उच्चारली होती, आणि तीही स्टेशनाच्या टोकाच्या बाकावर बसून, न थांबणारी गाडी धडधडत जात असताना. आवाज गाडीचा असे आणि शब्द त्याचे. गाडी गेली की तो पुन्हा गप्प. जगात एखादी भाषा तिच्या शेवटच्या माणसाबरोबर मरते, असे त्याने वाचले होते. आपली तर पहिल्याच माणसाबरोबर मरणार, हे त्याने शांतपणे स्वीकारले होते.

दिवाळीच्या आधी त्याला पवनानगरहून काम आले. तिथल्या केरबामामांचा तळ्याकाठी तंबूंचा कॅम्प होता. त्यांना नव्या हंगामासाठी पाट्या हव्या होत्या. कॅम्पचे बुकिंग, चहाची वेळ, हरवलेली चप्पल, सगळे लाउडस्पीकरवरून सांभाळणारी त्यांची भाची शुभदा. तिचा आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठाला जाऊन परत येई आणि परत आलेल्या आवाजाशीही ती बोलत असे. अतुल शिडीवर चढून ‘पाण्यात उतरण्यास मनाई आहे’ रंगवत होता. मनाईच्या मपाशी आला आणि कर्ण्यातून खरखर झाली.

“तंबू नंबर सात, तुमची भजी तयार आहेत. आणि आता ऐका… तोहे, ळारी, तोहे. सेनाळा किनाया.”

ये, हसू, ये. घर वाट पाहते आहे.

शिडी हलली, की पृथ्वी, हे अतुलला कळले नाही. मच्या काठीला जी शेपटी फुटली ती आजही त्या पाटीवर आहे. त्याची भाषा, गाडीच्या धडधडीशिवाय, उघड्या हवेत, एका मुलीच्या आवाजात तळ्यावरून चालत गेली आणि पलीकडच्या डोंगराला लागून परत आली; जणू तिकडेही कुणी ळेनी बोलणारे राहत होते. सात नंबरच्या तंबूतून एक पाहुणा भज्यांची बशी घेऊन धावत आला. “मॅडम, हे कोरियन होतं का हो?”

शुभदा वही घेऊन शिडीखाली उभी राहिली. “पेंटर, ही तुमची ना? रंगाच्या डब्याखाली होती. मापं लिहिली असतील म्हणून उघडली. कुठली भाषा आहे?”

“ळेनी.”

“आणि कुठं बोलतात?”

अतुल शिडीवरून उतरला. खोटे बोलण्यासाठी लागणारी अक्षरे त्याच्याकडे नव्हती. “इथंच,” तो म्हणाला. “आत्ताच. तुझ्याआधी कुणीच नाही.”

“एकदम तू?” शुभदा म्हणाली. मग तिने वहीचे पहिले पान उघडले, पहिला कायदा बोट ठेवून वाचला, त्याच्या तोंडाकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर असे काही उजाडले की अतुलला ब्रश कोणत्या हातात आहे हेच आठवेना. “थांबा थांबा. ‘तुम्ही’ म्हणताच येत नाही होय! मग माझं नाव काय म्हणाल? शुभदा. आहे का तुमच्या भाषेत भ?”

नव्हता.

पुढच्या दोन महिन्यांत त्या कॅम्पला इतक्या पाट्या लागल्या की तिथे पाटी नसलेले काही शिल्लक राहिले नाही. ‘चहा’, ‘चूल’, ‘चप्पल इथे ठेवा’, ‘इथे ठेवू नका’. एका झाडावर नुसते ‘झाड’ असेही लिहिले गेले. शुभदा ळेनी शिकली, आणि चुकीची शिकली: तिला ळ पहिल्या बाकावर बसवताना इतके हसू येई की तिच्या तोंडी ळेनीचा प्रत्येक शब्द हसतच सुरू होत असे. अतुलने वहीत नोंद केली, ‘पवनानगरची बोली’. आपल्या भाषेला बोलीभाषा फुटली, या आनंदात तो त्या संध्याकाळी घोरावाडीला न उतरता पुढच्या स्टेशनापर्यंत गेला आणि रुळांच्या कडेने, एकटाच हसत, चालत परत आला.

लोहगडवाडीला पर्यटकांसाठी पिठलं-भाकरीचे दुकान चालवणाऱ्या आक्काबाईंनी, म्हणजे अतुलच्या आत्याने, सगळे ताडले आणि बोलणी करायला पवनानगर गाठले. बैठकीत केरबामामांनी हात जोडून “जयभीम” म्हटले. अतुलने हात जोडले, मान वाकवली, आणि त्याचे ओठ मिटले ते मिटलेच. घराघरात लहान मूलही जो शब्द सहज म्हणते, त्यात शेजारी शेजारी भ आणि म. त्याला त्या क्षणी जितकी स्वतःची लाज वाटली तितकी कधी वाटली नव्हती.

“पोरगं देखणं हाय,” केरबामामा म्हणाले. “हातात कला हाय. पन आक्का, बोलतंय का न्हाई?”

“बोलतंय की! लय बोलतंय,” आक्काबाई म्हणाल्या. “फकस्त तांदूळ निवडल्यावानी निवडून निवडून बोलतंय.”

“निवडू द्या, माजी ना न्हाई. पन आमच्याकडं रीत हाय. लग्न लागलं की नवरदेवानं माईकवर नाव घ्याचं, समद्यांम्होरं. पुरं नाव. ज्याच्या त्वांडात माज्या भाचीचं नाव बसंना, त्याच्या घरात ती कशी बसंल?”

सगळे हसले. अतुलही हसला, कारण हसायला ओठ मिटावे लागत नाहीत. पण केरबामामा हसले नव्हते, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, हे त्याला ठाऊक होते. उखाण्यातून निसटण्याच्या वाटा त्याला पाठ होत्या: घशात खरखर, माईक बंद, ‘हिचं’ म्हणून नुसते बोट दाखवणे. आयुष्यभर तो अशाच वाटांनी घरी पोहोचला होता. या एका नावाच्या बाबतीत त्याला मागच्या दाराने जायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे तळ्याच्या काठी बसली होती. अतुलने वही उघडली. “ळेनीत तुझं नाव…”

“हं?”

“शुदा.”

“शादीशुदा?” शुभदा म्हणाली. “अरे, लग्न होऊ दे की आधी!”

“शुळदा.”

“शूळ देणारी! तुझ्या आत्याला सांग, नवरी पोटशूळ घेऊन येतेय.” ती हसून हसून आडवी झाली. मग उठून बसली, केसांतले गवत काढले आणि अचानक गंभीर झाली. “एक अक्षर कमी असलेली बायको घरी नेणार आहेस का, अतुल? बाकी सगळी मी आले आणि भ पवनानगरलाच राहिला, असं?”

“चौदा वर्षं झाली त्या कायद्याला,” तो म्हणाला. “एकदा दार उघडलं तर सगळेच घुसतील.”

“कायदा राहू दे. तू अडतोस तेव्हा आत नक्की काय होतं?”

हे त्याला कधी कुणी विचारले नव्हते. डॉक्टरांनी कधीपासून विचारले होते, शिक्षकांनी का विचारले होते. त्याने एकदा ओठ मिटून पाहिले. “ओठांना ओठ लागतात. आत आवाज ताटकळतो. दार ढकलत राहतो. आणि सगळ्यांना घाई आहे, असं वाटतं.”

“मग ते ओठांना ओठ लागलेलं असणं, हेच अक्षर धर.”

“त्याला आवाज नाही.”

“नसू दे. मी कर्णा चालू करते तेव्हा आधी नुसती खरखर येते ना? मी त्या खरखरीत श्वास घेते. लोक तेव्हाच कान टवकारतात. माझी अनाउन्समेंट तिथूनच सुरू होते, तंबू नंबरपासून नाही. तुझा भ तिथूनच सुरू होतो. तू अडत नाहीस. तू तो म्हणायला लागलेला असतोस.”

भाषेचा राजा अतुल, आणि प्रजेतल्या एकुलत्या माणसाने त्याला त्याच्याच व्याकरणातली खोली दाखवली होती, जिच्या दारावरून तो रोज जात होता. “किती वेळ?” त्याने विचारले.

“लागेल तेवढा. मराठीत ऱ्हस्व आणि दीर्घ. ळेनीत तिसरं एक, अतुल. ज्याची तुलना नाही, माप नाही.”

त्याने तिथेच, गुडघ्यावर वही ठेवून, नवे अक्षर काढले: एकीवर एक अलगद टेकलेल्या दोन आडव्या रेघा, आणि वर भची गाठ. समोर लिहिले: ‘हे अक्षर एकाच शब्दात येते. मात्रा: अतुल.’

पुढचे पंधरा दिवस लोणावळ्याच्या बाजारात मोठी गंमत चालली. पाटी रंगवता रंगवता अतुल “शु—” म्हणे आणि ओठ मिटून थांबे. गिऱ्हाईक चपापून गप्प बसे. शेजारचा चिक्कीवाला एकदा फार चिडला. “दिवसभर शू शू काय लावलंयस? गप्प तरी किती बसायचं माणसानं!” अतुलने ब्रश बुडवला आणि पुन्हा “शु—” म्हटले. मिटलेल्या ओठांमागे त्याला पहिल्यांदाच कोंडल्यासारखे वाटत नव्हते. कधी भ पटकन सुटे, कधी चहा निवेपर्यंत सुटत नसे. पण सुटला नाही तरी ते अक्षरच होते, अपघात नव्हता. तरीही एक गोष्ट त्याला छळत राहिली. दुकानात ऐकणारे एकदोघेच असत. लग्नात तीनशे माणसांपुढे ती खोली पुन्हा कोठडी झाली तर?

रविवारी पवनानगरच्या सभागृहात लग्न लागले. पांढरी साडी नेसलेली शुभदा, पांढऱ्या सदऱ्यातला अतुल, समोर फुलांच्या हारांतल्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. वंदना सगळ्यांबरोबर म्हणायची होती. सगळ्यांच्या आवाजात त्याचा आवाज नेहमीप्रमाणेच न अडता वाहत गेला. समूहात त्याला अडखळायला होत नसे, हे एक कोडेच होते. प्रतिज्ञा झाल्या, फुले उधळली गेली, आणि टाळ्या विरतात न विरतात तोच केरबामामा माईक घेऊन पुढे आले.

“आता ऐका समद्यांनी. आमचं जावई नाव घेनार हायेत.” त्यांनी माईक अतुलच्या हनुवटीशी धरला. तो चालू आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिले. मामांनाही धाकधूक होती, हे अतुलला तेव्हा कळले.

ओळी त्याने स्वतः रचल्या होत्या. “तळ्याकाठी ढग आले, ढगांत दडला गड,” तो म्हणाला. आवाज कर्ण्यातून छतापर्यंत गेला. “शु—”

ओठ मिटले.

पंखे फिरत होते. माईक गुणगुणत होता. पहिल्या रांगेतल्या बायका अर्धे हसू तयार ठेवून थांबल्या. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मागून नेहमीची कुजबुज निघाली आणि अतुलच्या कानशिलांपाशी जुनी, ओळखीची ऊब जमू लागली. आता दुसरा शब्द शोध, बोट दाखव, खोकल्याचे सोंग कर. त्याचा आवाज दाराशी आला आणि ढकलू लागला.

“काय रं,” आक्काबाई पहिल्या रांगेतून ओरडल्या, “शिग्नल लागला व्हय?”

सभागृह खदखदले. अतुलने शुभदाकडे पाहिले. ती हसत नव्हती, घाबरलीही नव्हती. ती ऐकत होती. एखादे अक्षर ऐकावे तशी, ते केवढे लांब आहे याकडे लक्ष देऊन, मान किंचित कलती करून ऐकत होती. आणि अतुलच्या मनात लख्ख पडले, की आपण अडलेलो नाही. आपण म्हणतो आहोत. तीनशे माणसे आत्ता, नकळत, ळेनीतले सर्वांत अवघड अक्षर ऐकत आहेत, आणि ते आजवरच्या कोणत्याही अक्षरापेक्षा लांब आहे. किती लांब? अतुल!

या विचाराने त्याला हसू फुटले. पण ओठ मिटलेले. हसू जाणार कुठे? ते गालांत शिरले, नाकात शिरले, खांद्यांत उतरले आणि खांदे गदगदा हलू लागले. केरबामामांच्या हातातला माईक त्याच्याबरोबर हलला. डोळ्यांतून पाणी आले. आणि एका क्षणी, कुणी ढकलल्याशिवाय, दार आतल्या वाऱ्यानेच उघडले.

“—भदाचं नाव घेतो,” कर्णा असा दणाणला की छतावरची कबुतरे उडाली, “ऐका काळजाची धडधड!”

टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. मागच्या रांगांना ती सगळी अदाकारीच वाटली, “काय थांबला राव!” असे कुणी तरी म्हणाले. पुढच्या रांगा मात्र जाणून होत्या, आणि त्यांनी जास्त जोरात वाजवल्या. केरबामामांनी माईक बाजूला घेतला, उपरण्याने तोंड पुसण्याच्या निमित्ताने डोळे पुसले, आणि म्हणाले, “जावईबापू, येवडा येळ धरून ठिवलंसा. आता जलमभर सोडू नगा म्हंजे झालं.”

“आता तिच्या त्वांडातून!” आक्काबाईंनी फर्मावले. “ती तर कर्न्याची राणी हाय. तिला काय लागतंय!”

शुभदाने माईक घेतला. सराईतपणे त्यावर टिचकी मारली, श्वास घेतला, आणि अतुलकडे पाहिले. त्याच्या गालांवरचे पाणी अजून वाळले नव्हते. तिने तोंड उघडले. काही आले नाही. तिने ते मिटले, पुन्हा उघडले. चार ओळींचा उखाणा तिने पंधरवडाभर घोकला होता. तो तळ्यात दगड पडावा तसा बुडाला होता. दोन्ही काठ आवाजाने भरून टाकणारी ती मुलगी, माईक छातीशी धरून नुसती उभी राहिली.

“अगं, बोल की!” “इसरली का काय!” “आरं, हिला पन शिग्नल!” आवाज उठू लागले. मामा पुढे सरसावले आणि हळूच सांगू लागले, “पोरी, म्हन, चांदीच्या ताटात…”

अतुलने हात वर करून त्यांना थांबवले. दुसऱ्याचे वाक्य पुरे करू नये, एवढे त्याला या जगात नक्की ठाऊक होते. त्याने तिच्या छातीशी धरलेला माईक अलगद तिच्या ओठांच्या उंचीला आणला, तिच्या हाताखाली आपला हात आधाराला दिला, आणि वाट पाहू लागला. मागे जेवणाच्या पंगती मांडल्या जात होत्या, पत्रावळ्यांचा आवाज येत होता, सभागृहातल्या सगळ्यांना भूक लागली होती आणि सगळ्यांना घाई होती. त्याला नव्हती.